करी रोड, एकास शंभर

रेल्वेचं मॉडेल करायला घेतलं की पहिला प्रश्न येतो तो रुळांचा नाही, डब्यांचाही नाही. पहिला प्रश्न म्हणजे, साल कुठलं?

साल ठरल्याशिवाय एक खांबसुद्धा उभा करता येत नाही. आपल्याकडची पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने गेली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, म्हणजे त्याआधीचं साल घेतलं तर डोक्यावर तारा नकोत. रस्त्यावर ट्राम दाखवायची असेल तर ३१ मार्च १९६४ ही शेवटची तारीख. त्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली ती लालबाग-परळवरूनच. गिरणीच्या चिमणीतून धूर काढायचा असेल तर १८ जानेवारी १९८२ च्या आधी थांबायला हवं. त्या दिवशी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही.

मी १९८१ घेतलं. गणपतीचे दिवस. स्टेशन करी रोड.

आता करी रोडच का? डोंबिवलीच्या आमच्या घरी येऊन गेलेल्यांनी हा प्रश्न विचारून झालाय, म्हणून उत्तर इथेच देतो. आम्ही मूळचे गिरगावचे, पण मोठे काका डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचे आणि एका गिरणीच्या साचाखात्यात होते. गणपतीत आमचा मुक्काम त्यांच्याकडे. करी रोडला उतरलं की एका बाजूला डिलाइल रोड, दुसऱ्या बाजूला लालबाग. माझ्या दृष्टीने मुंबईचा मध्य तोच, व्हीटी-बिटी नंतर.

रेल्वेचं मॉडेल म्हटलं की मराठी माणसाला पुण्याचं जोशी संग्रहालय आठवतं. कोथरूडमधलं, १९९८ साली सुरू झालेलं. मी ते तीनदा पाहिलंय आणि तिन्ही वेळा घरच्यांनी ओढून बाहेर काढलंय. पण ते एक कल्पनेतलं शहर आहे, सर्कशीसकट. मला खरं ठिकाण हवं होतं. आणि खरं ठिकाण म्हटलं की दुकानातून आणलेली जर्मन घरं चालत नाहीत, सगळं हातानेच करावं लागतं.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. गिरगावातल्या वाडीत दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला ‘सीनरी’ वेगळी शिकवावी लागत नाही. गोणपाटावर माती लिंपायची, अळीव पेरून हिरवळ काढायची, भुसा रंगवायचा, हे सगळं दहाव्या वर्षी येत होतं. आणि लालबाग तर देखाव्यांचं माहेरघर. गणेश गल्लीत अख्खी देवळं बांबू आणि प्लायची उभी राहतात. घरोघरच्या मखरांत थर्माकोलचं राज्य होतं ते २०१८ च्या बंदीपर्यंत. नंतर तीच मंडळी पुठ्ठ्याकडे वळली. मीही पुठ्ठ्यावरच काम करतो. पुठ्ठा कापायला थर्माकोलपेक्षा चिवट, पण कड स्वच्छ येते.

आता थोडं गणित. (कंटाळा येणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडावा, पण मला विचाराल तर गंमत इथेच आहे.) जगभर जे मॉडेल सर्वात जास्त चालतं त्याला एचओ म्हणतात. प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. गुणून पाहा, १४३५ मिलिमीटर येतात. हा झाला युरोप-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, साडेपाच फुटी, लॉर्ड डलहौसीच्या काळात ठरलेला. म्हणजे १:८७ ने लोकल केली तर रूळ अरुंद आणि डबा रुंद, गाडी पाटावर बसलेल्या जाड्या माणसासारखी दिसते. पण प्रमाण १:१०० घेतलं तर? १६७६ चे झाले १६.७६. दुकानातल्या रुळापेक्षा पाव मिलिमीटरच जास्त! शिवाय १:१०० हे आर्किटेक्ट लोकांचं लाडकं प्रमाण, त्यामुळे त्यांच्या मॉडेलांसाठी विकतात ती झाडं नि माणसं आयती मिळतात. तेव्हा ठरलं, एकास शंभर. एक मीटरचा एक सेंटिमीटर. भागाकारसुद्धा करायला नको.

आठ बाय चारचं एक प्लाय म्हणजे मग २४४ मीटर लांबीची मुंबई. तेव्हाची नऊ डब्यांची लोकल यात कशीबशी मावते, एकशे नव्वद सेंटिमीटरची. परळ स्टेशन काही मावत नाही. म्हणून उत्तरेच्या टोकाला मी एल्फिन्स्टनचा पूल ओढून आणलाय. भूगोलाची ही ओढाताण मॉडेलवाल्यांमध्ये शिष्टसंमत आहे. रूळ टेबलाबाहेर जातात ते कुठेतरी लपवावे लागतात आणि त्यासाठी पुलासारखी दुसरी सोय नाही. सालाशी मात्र अशी ओढाताण मी करत नाही.

आणि इथेच हा छंद इतिहासाच्या अंगावर येतो. पुस्तकात ‘गिरणगाव’ असा एक शब्द लिहून पुढे जाता येतं. टेबलावर तो शब्द उभा करायचा तर गिरणी रुळाच्या कुठल्या बाजूला, चाळीची पाठ कुठे, गेट कुठे, हे सांगावंच लागतं. आणि ते तसं का, हेही मग आपोआप विचारलं जातं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी गेली, चौदा डबे, साहिब-सिंध-सुलतान अशी तीन इंजिनं, हे आपण शाळेत घोकलंय. त्या कंपनीच्या पहिल्या संचालकांत आमच्या गिरगावचे नाना शंकरशेट होते हेही. पण त्या दिवशी गाडी ज्या परळवरून गेली तिथे गिरण्या नव्हत्या, गव्हर्नरचा बंगला होता. पहिली गिरणी दावर शेठनी १८५४ साली काढली तीही ताडदेवला. मग १८६७ साली बीबीसीआयचा रूळ विरारहून बॅकबेपर्यंत आला आणि परळच्या दोन्ही अंगांना दोन कंपन्यांचे दोन रस्ते झाले. जीआयपीने १८७९ साली परळला वर्कशॉप काढलं, बीबीसीआयचं लोअर परळला होतंच. शहराबाहेर मोकळी जमीन, गिरण्या उत्तरेकडे सरकत गेल्या. गव्हर्नरसाहेब मलबार हिलला गेले. त्यांच्या बंगल्यात १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा आली, आजचं हाफकिन. गव्हर्नरच्या दिवाणखान्यात प्लेगची लस! एवढं एक वाक्य परळचा इतिहास म्हणून पुरेसं आहे असं मला वाटतं.

गिरणी मी कुठल्याही एका गिरणीची नक्कल म्हणून केलेली नाही. पण तिचे भाग खरे आहेत. सूतकताईची इमारत मजल्यांची. साचाखातं मात्र एकमजली, करवतीच्या दातांसारख्या छपराचं. त्या दातांच्या उभ्या बाजूला काच असते आणि ती उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे उजेड येतो पण ऊन येत नाही. तेव्हा छप्पर चिकटवण्याआधी टेबलावर उत्तर कुठे हे पेन्सिलीने लिहावं लागलं. काका खुर्ची ओढून बसले होते. छपराकडे बघून म्हणाले, “ऊन नाही येत, पण गरम होतंच की. वर पाण्याचे फवारे. हवा कोरडी झाली तर धागा तुटतो.” म्हणजे दमट हवा धाग्यासाठी. माणसासाठी काय, ते काकांनी सांगितलं नाही. त्यांचा कान मात्र डावीकडून अजिबात चालत नाही, साच्यांच्या आवाजात अठ्ठावीस वर्षं गेली त्याची ही पावती.

चिमणी काकांना उंच हवी होती. मी पन्नास सेंटिमीटरची केली. कॅलेंडरच्या नळकांड्यावर विटांचा छापलेला कागद. टेबलावर ती एवढी उंच दिसते की बघणारा आधी तिच्याकडेच बघतो. १९८१ साली तसंच होतं.

चाळीचं काम सर्वात सोपं असेल असा अंदाज होता. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड मिळून २०७. सगळ्या एका साच्यातल्या, तळ अधिक तीन, ऐंशी खोल्या. खोली १६० चौरस फूट. एकास शंभरने काढलं तर तीन सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे काडेपेटी. उपमा म्हणून नाही, मोजून. एका मजल्यावर वीस काडेपेट्या, मधून बोळ.

काकू हे सगळं लांबून बघत होत्या. छप्पर बसवायच्या वेळी जवळ आल्या आणि म्हणाल्या, “संडास कुठे काढलेस?”

मजल्यावरचे सामायिक संडास मी बंद भिंतीमागे टाकले होते, बाहेरून दिसणार नाहीत म्हणून. काकूंचं म्हणणं, दिसलेच पाहिजेत. पहाटे नळाला पाणी येतं त्याची रांग, मग संडासाची रांग, तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस खोलीत झोपतो म्हणून पोरं अभ्यासाला बोळात. “तुम्ही पाहुणे म्हणून यायचात रे. आरास बघायचात नि मोदक खायचात. आम्ही नऊ माणसं होतो त्या काडेपेटीत.” हे बोलताना आवाजात तक्रार नव्हती. मापाची दुरुस्ती सांगावी तसं सांगितलं.

मग एका चाळीचा वरचा मजला उघडाच ठेवायचं ठरलं. छप्पर उचललं की आत दिसतं. एका खोलीत नऊ माणसं बसवली. बसवायला वेळ लागला, खरंच मावत नाहीत. काकूंनी कोण कुठे झोपायचं ते सांगितलं, त्यात दोघं खोलीबाहेरच्या बोळात. गिरणगावच्या आठवणी काढताना भजनी मंडळं, कबड्डी, खानावळी, एकमेकांना धरून राहणं हे सगळं येतं, आणि ते खोटं नाही. पण ते लिहिणारे बहुधा माझ्यासारखे गणपतीला येणारे असतात, किंवा घरातले पुरुष. चाळी आता चालल्यात. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. काकूंना त्या बातमीचा जो निखळ आनंद झाला, तो माझ्या मॉडेलने झालेला नाही.

स्टेशनचा जिना करताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. हे जिने, हे पूल गिरणीच्या पाळ्यांसाठी पुरत होते. ठरलेल्या वेळी भोंगा, ठरलेल्या वेळी लोंढा, आणि बरेचसे कामगार तर चालत घरी जाणारे, आसपासच राहणारे. संपानंतर गिरण्या गेल्या, २००१ नंतर जमिनींचे नियम बदलले, २००६ साली सुप्रीम कोर्टातही निकाल मालकांच्या बाजूने लागला. चिमण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले आणि त्यात काम करायला माणसं लांबून येऊ लागली. विरारहून, बदलापूरहून, आणि आमच्या डोंबिवलीहून. येणार कशी? त्याच जिन्यांवरून. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. पुढच्या वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. मी पुठ्ठ्याच्या पायऱ्या चिकटवत होतो आणि एका पायरीवर किती माणसं मावतात ते मोजत होतो. हात थांबला, हे खरं.

माझ्या टेबलाच्या टोकाला जो मोटारींचा पूल आहे, १९१३ चा, तोही आता खऱ्या जागी राहिलेला नाही असंच म्हणायचं. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये तो बंद झाला आणि पाडकाम हाती घेतलं गेलं. बाजूच्या इमारतींतले लोक आपल्या घरांचं काय म्हणून रस्त्यावर आले होते. बंद होण्याआधीच्या दोन रविवारी जाऊन मी फोटो काढून आलो, कठड्याला वीतभर पट्टी टेकवून, म्हणजे नंतर माप काढता येईल. एका हवालदाराने हटकलं. “मॉडेल करतोय” म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या ओळखीची आहे, घरी रोज बघतो.

माणसं राहिली आहेत. आर्किटेक्टवाल्यांची माणसं हातात ब्रीफकेस घेऊन ताठ चालतात, ती इथे चालायची नाहीत. मग काडेपेटीच्या काड्या. साडेसोळा मिलिमीटर कापली की साडेपाच फुटांच्या जरा आतला माणूस होतो, बरोबर रुळांच्या रुंदीएवढा. गुलाचं टोक ठेवलं तर डोकंही तयार. पांढरा लेंगा, खाकी अर्धी चड्डी, कोणाच्या हातात डबा. गाडी बारा व्होल्टवर धावते (खऱ्या लोकलला तेव्हा दीड हजार व्होल्ट लागत), ती आली की टेबल थरथरतं आणि पुढच्या रांगेतला एखादा पडतो.

पाळी सुटताना हजार माणसं दाखवायची असं माझ्या मनात होतं. काका म्हणाले, सुटताना नको, भरताना दाखव. सकाळी सातची पाळी. आणि गेटच्या बाहेर बदलीवाले. म्हणजे कायम नसलेले, कोणी कामावर आला नाही तर आपल्याला घेतील या आशेने रोज येऊन उभे राहणारे. घेतलं तर त्या दिवसाचा पगार, नाही तर परत. काका पहिली चार वर्षं तिथे उभे होते. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, बहुतेक काकूंनाही नाही, कारण त्यांनी चटकन वळून पाहिलं.

आत्तापर्यंत सत्तावीस बदलीवाले उभे केलेत. काका रविवारी आले होते. चष्मा कपाळावर चढवून, टेबलाच्या पातळीला डोळा आणून बराच वेळ बघत होते. म्हणाले, अजून पाहिजेत. आणि सगळे गेटकडे तोंड करून नको, दोन-चार परत फिरलेले दाखव.

काड्यांचं नवं पाकीट आणून ठेवलंय.