आपटा स्थानक : कोंकणांतील लोहमार्गाचें वीस वर्षांचें टोंक

पनवेल तालुक्यांत पाताळगंगेच्या कांठीं आपटा नांवाचें गांव असून तेथें रेल्वेचें एक लहानसें स्थानक आहे. आमचें वास्तव्य त्याच तालुक्यांत विचुंबे येथें असल्यामुळें ह्या स्थानकाविषयीं लोकांत काय बोललें जातें तें आमच्या कानीं येतें. विषय बहुधा एकच असतो : १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ ह्या हिंदी चित्रपटाचा शेवटचा प्रसंग येथें चित्रित झाला, आणि आपटा पडद्यावर पंजाबांतील स्थानक म्हणून खपून गेलें. ही गोष्ट खरी आहे. परंतु ह्या स्थानकाचें ऐतिहासिक महत्त्व निराळें असून तें सर्वस्वीं कोंकणचें आहे. १९६६ पासून १९८६ पर्यंत दिव्याहून दक्षिणेस उतरणारा लोहमार्ग येथें संपत असे. ह्या गोष्टीचें विस्मरण होत चाललें आहे, म्हणून हा अल्प प्रपंच.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी पूर्वीं होडीनें पनवेल बंदरास उतरे व तेथून खोपोलीवरून बोरघाट चढे. १८३० सालीं घाटांत गाडीरस्ता झाला, तेव्हां ही वाट अधिकच वाहती झाली. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली. १८५४ सालीं ती कल्याणास व १८५६ सालीं खोपोलीस पोंचली. आणि १८६३ सालीं बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला. हा मार्ग कल्याण-कर्जतवरून नेल्यामुळें पनवेल बाजूस पडलें. ज्या खोपोलीस पनवेलवरून जावें लागे तिला आगगाडी १८५६ सालीं मिळाली. खुद्द पनवेलास मात्र १९६४ साल उजाडावें लागलें. हें अंतर १०८ वर्षांचें आहे.

१९६४ सालीं दिवा-पनवेल मार्ग झाला व १९६६ सालीं तो आपट्यापर्यंत वाढविण्यांत आला. ह्या वाढीचें मुख्य कारण कारखाने हें होय. आपट्याच्या शेजारीं रसायनीचा परिसर त्या काळीं उद्योगांसाठीं निवडला गेला होता. तेथें पुढें ज्या सरकारी कंपनीचा कारखाना चालला ती हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स १९६० सालीं स्थापन झाली होती. कारखान्यांस मालाची ने-आण हवी होती. तेवढ्यापुरता रूळ पुढें सरकला आणि थांबला. पेण, नागोठणें व रोहें हीं गांवें फार दूर नसतांही त्यांस आणखी २० वर्षें वाट पाहावी लागली.

तथापि जेथें मार्ग संपतो तेथूनच पुढील मार्गाची मोजणी सुरू होते. १९५७ ते १९७१ पर्यंत राजापूरचे लोकसभा-सदस्य असलेले बॅरिस्टर नाथ पै यांनीं कोंकणच्या रेल्वेची मागणी सतत मांडली, अ. ब. वालावलकर यांनीं तिचा पुष्कळ वर्षें पाठपुरावा केला. नियोजित मार्गाचा उल्लेख त्या काळीं आपट्यापासून मंगळूरपर्यंत असा होई. मधु दंडवते हे १९७७ ते १९७९ ह्या काळांत रेल्वेमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींत आपटा-रोहें हा पहिला टप्पा हातीं घेण्यांत आला, व १९८६ सालीं गाडी रोह्यास पोंचली. त्या दिवसापासून आपटा हें टोंक राहिलें नाहीं. तें वाटेवरचें एक स्थानक झालें.

१९९० सालीं कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें. त्याची हद्द रोह्यापासून सुरू होते. दिवा ते रोहें हा भाग मध्य रेल्वेकडे राहिला. १९९३ सालीं रोहें-वीर हा तुकडा खुला झाला व २६ जानेवारी १९९८ रोजीं संपूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. ह्यामुळें पुष्कळ लेखक कोंकण रेल्वेचा इतिहास १९९० पासून, कित्येक तर १९९८ पासूनच सांगूं लागतात. आमच्या मतें हें योग्य नव्हे. कारभाराची हद्द व इतिहासाची हद्द ह्या दोन भिन्न वस्तु होत. आपट्यापर्यंतचा रूळ नसता तर रोह्याचा नसता, व रोह्याचा नसता तर पुढील मार्गास आरंभस्थानच उरलें नसतें.

लहान स्थानकांवर असा प्रसंग इतरत्रही येतो. जपानांतील होक्काइदो बेटावर कामी-शिराताकी नांवाचें स्थानक होतें. एका शाळकरी मुलीसाठीं, तिचें शिक्षण पुरें होईपर्यंत, रेल्वेनें तें चालूं ठेविलें, अशी वार्ता २०१६ सालीं जगभर पसरली. वस्तुतः ती मुलगी शेजारच्या क्यू-शिराताकी स्थानकावर गाडींत बसत असे, आणि २६ मार्च २०१६ रोजीं नव्या वेळापत्रकाबरोबर हीं दोन्ही स्थानकें एकदमच बंद झालीं. न्यायशास्त्रांत आप्तवाक्य हें प्रमाण मानिलें आहे. परंतु बोलणारा आप्त आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें लागतें. गोड कथा पुष्कळ वेळां ही परीक्षा चुकविते, आणि मग स्थानकाचें नांव राहतें, पण वृत्तांत जातो.

आपट्याचा वृत्तांत अद्यापि मिळण्याजोगा आहे. भूसंपादनाचे कागद, जुनीं वेळापत्रकें, जपून ठेविलेलीं तिकिटें, आणि रूळ टाकणाऱ्या व स्थानकावर राबणाऱ्या माणसांच्या आठवणी हीं त्याचीं साधनें होत. अभ्यासकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : जिल्ह्याचें रायगड हें नांव १९८१ सालचें असल्यामुळें त्यापूर्वींचे कागद कुलाबा ह्या नांवाखालीं शोधावे लागतील. कागद कदाचित् थांबतील. माणसें थांबणार नाहींत. १९६६ सालीं जो वीस वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या आसपास आहे.