नव्या पुराणाचा आनंद

थोर ग्रंथ सुबत्तेच्या काळातच जन्माला येतात, अशी आपली एक समजूत असते. मराठी वाङ्मयाचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. राजवटी बदलत होत्या, सारा थकला म्हणून माणसे ओलीस ठेवली जात होती, देवळे पडत होती, अशाच काळात आपल्या भाषेतील काही मोठे ग्रंथ पूर्णत्वास गेले. असा एखादा ग्रंथ सिद्ध होतो तेव्हा त्याच्या कर्त्याला होणारा आनंद कोणत्या जातीचा असतो? या प्रश्नाचा विचार करताना चारशे वर्षांपूर्वीच्या दोन गावांकडे पाहावेसे वाटते. एक आमच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. दुसरे गोव्याच्या साष्टी प्रांतातील रायतूर, म्हणजेच राशोल.

अंबाजोगाई हे मराठी ग्रंथकारांचे जुने माहेर. शके १११० मधील ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तेथेच असल्याचे परंपरा मानते. त्याच गावी पुढे दासोपंत आले. त्यांचा जन्म शके १४७३ मधला, म्हणजे इ.स. १५५१ चा. वडील नारायणपेठचे देशपांडे. सरकारी वसूल वेळेवर भरता आला नाही म्हणून बीदरच्या बरीदशाहीने या मुलाला ओलीस ठेवले होते, अशी कथा सांगितली जाते. ज्याने कोवळ्या वयात असा धाक सोसला, त्याने पुढे गीतेवर ‘गीतार्णव’ रचला. त्याच्या ओव्या सव्वा लाख होत्या, असे परंपरा सांगते. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, ही आठवणही लोकांनी जपली आहे. कागदाने त्यांचे भागले नाही. सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती ‘पासोडी’ अंबाजोगाईत जतन झाली आहे. छापखान्याची सावलीही ज्या प्रदेशावर पडली नव्हती, तेथे एक मनुष्य पांघरायच्या वस्त्राचा ग्रंथ करतो, हे दृश्य विलक्षण आहे. आपले लेखन कोण वाचील, किती जण वाचतील, याचा हिशेब तेथे नव्हता.

दासोपंतांनी शके १५३७ मध्ये, म्हणजे इ.स. १६१५-१६ च्या सुमारास देह ठेवला. आणि इ.स. १६१६ मध्येच रायतूरच्या येशूसंघीय महाविद्यालयात एक मराठी ग्रंथ छापून बाहेर पडला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. या दोन ग्रंथकारांची कधी गाठ पडली नाही. परंतु दोघांची भाषा एक, छंद एक, ओवीवरची श्रद्धा एक.

स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायरचे. जन्म १५४९ च्या सुमाराचा. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बन सोडले आणि त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, मुख्यतः साष्टी प्रांतात, त्यांनी सेवा केली. तो काळ साऱ्यांनाच कठीण होता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय आणि त्यांचे सोबती मारले गेले. नंतर गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन पोर्तुगीजांनी ठार केले. आपण त्या पाच जणांना धन्य हुतात्मे म्हणून वंदन करतो. पण इतिहास सांगताना दुसऱ्या बाजूचे रक्तही सांगितले पाहिजे. सत्याला भिणारी श्रद्धा दुबळी ठरते.

या उलथापालथीत आणखी एक गोष्ट हरवली. नवदीक्षितांच्या हातून जुन्या पोथ्या काढून घेण्यात आल्या. पिढ्यान्पिढ्या ज्या कथा ऐकत लोक सायंकाळ घालवीत, त्या वर्ज्य ठरल्या. मने एकाएकी मुकी झाली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच स्टीफन्स यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. साष्टीतील एका देवालयात रविवारी दुपारी धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येतो आणि विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? प्रश्न नम्र होता, पण त्याची धार तीक्ष्ण होती. माणसाच्या हातून ग्रंथ काढून घेणे सोपे. त्याच्या मनातील भूक काढून घेता येत नाही. स्टीफन्स यांनी या प्रश्नाचा राग मानला नाही. त्यांनी तो आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आणि सारा ग्रंथ त्याचे उत्तर म्हणून लिहिला.

उत्तर देताना त्यांनी लोकांना परिचित असलेलेच पात्र निवडले. आदिपुराण आणि देवपुराण असे दोन भाग, त्यांचे पंचाण्णव अवस्वरू आणि सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. पुराणांची भाषा म्हणून मराठी स्वीकारली. सामान्य श्रोत्यांना ती जड जाऊ नये म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले. आणि परकीय असूनही मराठीला सर्व भाषांची शिरोमणी मानून तिची अशी स्तुती गायिली की, आज शाळेतील मुलांनाही ती ठाऊक असते. कर्तव्य म्हणून लिहिणारा मनुष्य भाषेवर असा भाळत नाही. त्या स्तुतीच्या ओव्यांतच ग्रंथकाराचा आनंद आपल्याला प्रत्यक्ष भेटतो.

तथापि हा आनंद अर्धाच होता. १६०८ च्या डिसेंबरात स्टीफन्स यांनी संघाचे महाप्रमुख क्लॉडियो आक्वाविवा, म्हणजे कुंकळ्ळीच्या रुडॉल्फचे चुलते, यांना एक पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत ग्रंथ छापलेले पाहावेत, ही आपली अनेक वर्षांची उत्कट इच्छा असल्याचे त्यांनी त्यात म्हटले. मलबारात असे ग्रंथ निघाले होते, मग येथे का निघू नयेत? अडचणी दोन होत्या. युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशेच्या घरात साचे ओतावे लागणार. आणि वरिष्ठांना इतर कामांपुढे इकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. देवनागरी खिळे काही ओतले गेले नाहीत. आठ वर्षांनी ग्रंथ छापला गेला तो रोमी लिपीत.

सदुसष्टीच्या घरातील त्या धर्मगुरूच्या हाती ओल्या शाईचे ते पान आले असेल तेव्हा आनंदाबरोबर ही रुखरुखही असणारच. पण ग्रंथ निघाला तो देवालयांत वाचला जाण्यासाठी. रविवारी व सणावारी लोक तो ऐकू लागले. कानाला लिपी नसते. ओवी ऐकणाऱ्याला ती कोणत्या अक्षरांत लिहिली आहे याच्याशी काय कर्तव्य? १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, यावरून लोकांची तहान केवढी होती ते कळते. स्टीफन्स मात्र १६१९ मध्येच प्रभुघरी गेले होते. त्यांचे कोकणीतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. तीन पुस्तकांपैकी एकाचेच आगमन कर्त्याला पाहता आले.

पुढे संकट उलट दिशेने आले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. एकेकाळी जुन्या पोथ्या गेल्या होत्या. आता ख्रिस्ती माणसाच्या तोंडची मायबोलीच नकोशी ठरली. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. जे छापले होते ते नाहीसे झाले आणि जे हातांनी उतरले होते ते उरले. कुटुंबांनी, भाविकांनी ओव्या नकलून ठेवल्या. कानडा मुलखात गेलेल्यांनी त्या बरोबर नेल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईत निघाली. १६०८ च्या पत्रातील इच्छा फळाला यायला ३४८ वर्षे लागली.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? अंबाजोगाईच्या दासोपंतांना छापखाना मिळाला नाही. रायतूरच्या स्टीफन्स यांना हवी ती लिपी मिळाली नाही. दोघांनाही आपल्या श्रमाचे पुरते फळ दिसले नाही. तरी दोघे थांबले नाहीत. ग्रंथकाराचा आनंद पेरणाऱ्याचा असतो, कापणी करणाऱ्याचा नव्हे. तो पूर्ण होतो वाचकाच्या घरी. पासोडी घडी करून सांभाळणाऱ्या घराण्याने आणि ओव्या उतरून घेणाऱ्या निनावी हातांनी तो पूर्ण केला.

आमच्या जिल्ह्यात दुष्काळ नवा नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी घरांना कुलपे लागतात, मुलांच्या शाळा सुटतात. अशा ठिकाणी पुस्तकाची गोष्ट बोलणे चैनीचे वाटेल. पण साष्टीतल्या त्या श्रोत्याने धान्य मागितले नव्हते, पुराण मागितले होते. त्याची मागणी आजही आपल्यापुढे उभी आहे. आपल्या घरातल्या मुलांच्या कानांवर प्रभूची कथा त्यांच्याच भाषेत, मोठ्याने आणि गोडीने, आठवड्यातून एकदा तरी पडते काय? तेवढे घडले, तरी रायतूरच्या त्या वृद्ध धर्मगुरूचा अपुरा आनंद आपल्या उंबरठ्यावर पुरा होईल.