पोटगी : ग्वारीघाट ते न्यायालय

जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नर्मदेच्या उत्तर तीरावर ग्वारीघाट आहे. गोंदियाहून सातपुडा चढून-उतरून येणारी अडीच फुटी रुळांची गाडी नर्मदा ओलांडली की या नावाच्या स्टेशनात थांबत असे. जबलपूरकडची ती अरुंद वाट २०१५ साली बंद झाली. पण तोवर कित्येक वर्षे विदर्भातले मराठी यात्रेकरू नर्मदास्नानासाठी याच गाडीने येत. घाटावर परिक्रमेचे यात्री उतरतात, नावा पैलतीरी जातात, संध्याकाळी आरती होते. पायऱ्यांवर भगवी वस्त्रे ल्यालेले विरक्त बसतात आणि ज्यांना विरक्तीचा पर्यायच नव्हता असे निराधारही बसतात. संसार टाकून गेलेला पुरुष आणि टाकलेला संसार सांभाळणारी स्त्री यांचा हिशेब राज्याने कसा करावा, हा प्रश्न अशाच ठिकाणी सुचतो. तो फार जुना आहे.

कौटिल्याने तो ओळखला होता. बायकामुलांच्या निर्वाहाची तजवीज न करता जो प्रव्रज्या घेईल त्याला पूर्वसाहस दंड करावा, असे अर्थशास्त्र सांगते. ऐपत असून मुले, पत्नी, आईबाप यांना न पोसणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. त्याच अध्यायात अनाथ बालके, वृद्ध व संकटग्रस्त यांचे पोषण राजाने करावे, असेही म्हटले आहे. ज्याचे कर्तव्य त्याच्याकडून ते करवून घ्यावे आणि ज्याला कोणीच नाही त्याचा भार राजाने घ्यावा, ही दोन्ही सूत्रे एकाच ठिकाणी आली आहेत. पुढच्या काळात मात्र ती बहुधा एकमेकांपासून दूरच राहिली.

मराठेशाहीत दुसऱ्या सूत्राला एक देखणे नाव होते : बालपरवेशी. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलांना सरकारातून जी नेमणूक मिळे, ती ही. १७८१ पासून १८१७ पर्यंत जबलपूर मराठ्यांच्या अमलाखाली होते, तेव्हा हा शब्द नर्मदाकाठीही अपरिचित नसावा. पण बालपरवेशी ही मेलेल्या बापाच्या सेवेची पावती होती. बाप जिवंत असून घरी परतत नसेल, तर त्या मुलांचा विचार जातपंचायतीने आणि आप्तांनी करावा, अशीच समजूत होती.

इंग्रजी अमलात पहिले सूत्र कायद्यात आले. सागर-नर्मदा मुलूख आणि नागपूर प्रांत जोडून १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी फौजदारी कार्यसंहिता मंजूर झाली. ऐपत असून पत्नीला किंवा औरस-अनौरस मुलाला न पोसणाऱ्या पुरुषाकडून दरमहा पन्नास रुपयांपर्यंत रक्कम वसूल करण्याचा अधिकार तिने मॅजिस्ट्रेटला दिला. ही तरतूद दिवाणी कायद्यात नव्हे, तर चोऱ्या-दंग्यांचा बंदोबस्त करणाऱ्या कायद्यात आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिच्यामागे इंग्लंडातील गरिबांच्या कायद्याची विचारसरणी होती. टाकलेली बायको आणि तिची पोरे रस्त्यावर आली की भिक्षा आणि गुन्हा वाढतो, म्हणून नवऱ्याला गाठावे, असा तो विचार. करुणेपेक्षा बंदोबस्ताची दृष्टी अधिक. तथापि ज्या बाईला दावा चालविण्याचा खर्च झेपत नाही, तिला याच दृष्टीने झटपट दाद मिळवून दिली, हेही नाकारता येणार नाही.

१८९८ च्या संहितेत हे कलम ४८८ झाले. रकमेची मर्यादा १९२३ साली शंभर आणि १९५५ साली पाचशे रुपये झाली. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने मुलांच्या पालनाची जबाबदारी आईबाप दोघांवर ठेवली. १ एप्रिल १९७४ पासून नव्या संहितेचे कलम १२५ लागू झाले. त्यात घटस्फोटित पत्नीचा आणि आईबापांचाही समावेश झाला. पाचशेचा आकडा मात्र तसाच राहिला. धान्याचे भाव कुठल्या कुठे गेले. मध्य प्रदेश, महाराष्ट्र यांसारख्या काही राज्यांनी मर्यादा वाढविली. अखेर २००१ साली संसदेने ती काढूनच टाकली.

दरम्यान या कलमाची मोठी परीक्षा मध्य प्रदेशातच झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरला आला होता आणि हिदायतुल्ला मुख्य न्यायाधीश होते. याच उच्च न्यायालयाकडे इंदूरच्या शहाबानो बेगम यांचे प्रकरण आले. पती वकील. वर्षाला साठ हजारांच्या आसपास त्यांची मिळकत असल्याचे बाईंचे म्हणणे होते. मॅजिस्ट्रेटने १९७९ साली पोटगी ठरविली ती दरमहा पंचवीस रुपये! १९८० साली उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. निकालपत्र पुण्याचे सुपुत्र यशवंत विष्णु चंद्रचूड यांचे होते. पुढे झालेल्या वादळात ते वीस पैसे कोणाच्या ध्यानात राहिले नाहीत. १९८६ च्या कायद्याने निराळा क्रम लावला : आधी पती, त्यानंतर नातलग, आणि तेही असमर्थ असतील तर वक्फ मंडळ. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम १२५ चा मार्ग मुस्लिम घटस्फोटितेलाही खुला असल्याचे पुन्हा सांगितले.

आता दुसऱ्या सूत्राकडे वळावे. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. परित्यक्ता, तसेच घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेली किंवा ठरावीक उत्पन्नापेक्षा कमी पोटगी मिळणारी स्त्री तिला पात्र आहे. २०२३ साली हे साहाय्य दरमहा दीड हजार रुपये झाले. मध्य प्रदेशाच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनीतही परित्यक्तांना स्थान आहे. म्हणजे पोटगीचा विचार सरकार करते. पण तो पात्रता ठरविण्यापुरता. अमेरिकेने १९७५ साली वेगळी वाट धरली. सरकारी मदत घेणाऱ्या मातेने पित्याकडून येणे असलेल्या रकमेवरील आपला हक्क सरकारला लिहून द्यायचा, पित्याचा शोध घेण्यास साहाय्य करायचे आणि वसुली सरकारने करायची. या पद्धतीत बाप सुटत नाही, हे खरे. परंतु वसूल झालेला पैसा बहुतांशी सरकारी तिजोरीत जाई आणि मुलाच्या ताटात फारसे काही वाढत नसे, असा आक्षेप तेथे सतत घेतला गेला.

आपल्याकडे वसुली बाईनेच करायची. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद आहे, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तरी अर्ज करावा लागतो, तोही वर्षाच्या आत. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, दोन्ही पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून कलमाचा क्रमांक १४४ झाला आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, ही २००१ ची अट त्यातही कायम आहे. आणि नोटीस बजावायची तर नवऱ्याचा पत्ता अर्जदार बाईनेच द्यायचा असतो.