सर्वांसाठी आरोग्यसेवा, भारतातील

आजारी माणसाला त्याची ऐपत न पाहता गरजेचे उपचार मिळावेत आणि उपचारांपायी त्याचे कुटुंब कर्जबाजारी होऊ नये, या उद्दिष्टाने आखलेली व्यवस्था. उद्दिष्टाला उघड विरोध करणारा पक्ष भारतात नाही. सरकारने थेट सेवा उभारावी की विम्याद्वारे रुग्णालयांची बिले भागवावीत, आणि खासगी दवाखान्यांवर किती बंधने घालावीत, यांवर मतभेद आहेत.

पूर्वपीठिका : सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व मांडले. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पनाही याच अहवालातली. अशी केंद्रे १९५२ पासून सुरू झाली. कर्मचारी राज्य विमा कायदा (१९४८) आणि केंद्र सरकारी आरोग्य योजना (१९५४) यांचा लाभ मुख्यतः संघटित नोकरदारांना झाला. शेतकरी, शेतमजूर आणि हातावर पोट असणारे यांना सरकारी दवाखाना किंवा स्वतःचा खिसा एवढेच पर्याय उरले. आल्मा-आता येथील प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यानंतर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ मध्ये गावपातळीवरील, विकेंद्रित सेवेचा पर्यायी आराखडा दिला. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या अभ्यासामागचे एक प्रमुख सूत्रधार होते.

विम्याचा मार्ग : राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने (२००८) दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण दिले. २०१८ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ही मर्यादा ५ लाख झाली. तिच्यासाठी सुरुवातीला सुमारे १०.७४ कोटी कुटुंबे पात्र ठरवण्यात आली. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. आधी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली. अंगीकृत रुग्णालयांत ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार रोकडरहित होतात. रुग्णांच्या मदतीला तेथे ‘आरोग्यमित्र’ असतो. या योजनांमुळे हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार गरिबांच्या आवाक्यात आले, असे समर्थक सांगतात. टीकाकारांचा आक्षेप असा, की घरखर्चातला मोठा भाग बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधांवर जातो, आणि विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यालाच उपयोगी पडतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही.

थेट सेवेचा मार्ग : के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये करांतून निधी उभारण्याची, सरकारी प्राथमिक सेवा बळकट करण्याची आणि आवश्यक औषधे मोफत देण्याची शिफारस केली. तमिळनाडूत १९९० च्या दशकात स्थापन झालेले वैद्यकीय सेवा महामंडळ सरकारी रुग्णालयांसाठी औषधांची एकत्रित खरेदी करते. स्वस्त पुरवठ्याचा तो नमुना मानला जातो. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत केले. तरीही रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांमुळे रुग्णाला बाहेरची चिठ्ठी घेऊन औषध दुकान गाठावे लागते, ही तक्रार कायम आहे.

खासगी क्षेत्राचे नियमन : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने मंजूर योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. प्रत्यक्षात खाट मिळवताना रुग्णांची दमछाक होते, असे आरोग्य कार्यकर्ते सांगतात. जन आरोग्य अभियानासारख्या संघटना दरनियंत्रण आणि रुग्णहक्कांची मागणी करतात. सक्तीच्या दरांनी लहान रुग्णालये बंद पडतील, अशी डॉक्टरांच्या संघटनांची भीती आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टरांनी संप पुकारला होता.

खर्चाची स्थिती : राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी खर्च त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठरवले होते.