रणातून घरी कोणाला पाठवायचे?



एलूल महिना लागला तेव्हा आम्ही दोघे मुलाकडे क्युपर्टिनोला होतो. त्याच्या मेजावर सुन त्झूचे युद्धशास्त्र पडले होते. तेरा छोट्या प्रकरणांचे हे चिनी पुस्तक सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे मानतात, आणि तिकडचे कंपन्यांतले साहेब लोक ते आवडीने वाचतात. आम्हांला वाटले, हौसेने वाचत असेल. रात्री जेवताना तो म्हणाला, "पप्पा, माझ्या हाताखाली बारा जण आहेत. त्यांतले तीन कमी करायचे आहेत आणि नावे मी द्यायची आहेत." एकाने नुकतेच घर घेतले होते. दुसरा व्हिसावर होता. नोकरी सुटली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायकामुलांसह देश सोडायचा.

सुन त्झू सेनापतीच्या अंगी पाच गुण मागतो : शहाणपण, विश्वास, माया, धैर्य आणि शिस्त. सैनिकांना पोटच्या मुलांसारखे वागव, असेही तो सांगतो. पण कमी कोणाला करायचे, या प्रश्नाचे उत्तर मुलाला त्यात मिळेना. त्या शब्बाथला परशत शोफ्तीम होती, आणि उत्तराची वाट आम्हांला तिथे दिसली.

आपल्या तोरेत सैन्याची आणि कारभाराची रचना फार जुनी आहे. मोशे रब्बेनू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटेच लोकांचे तंटे सोडवीत बसत. सासरे यिथ्रो यांनी ते पाहिले आणि सांगितले की, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. दहांवर, पन्नासांवर, शंभरांवर आणि हजारांवर माणसे नेम.

आता सभासदाची बखर घ्या. शिवाजी महाराजांच्या पायदळात दहा माणसांस एक नाईक, पाच नाईकांस एक हवालदार, दोन-तीन हवालदारांस एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांस एक हजारी. दहा, पन्नास, शंभर, हजार! एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे आम्ही म्हणत नाही. एका माणसाची नजर किती जणांवर राहू शकते, हे दोघांनीही ओळखले होते. नाईक, हवालदार हेच शब्द पुढे मुंबईच्या पलटणीत आपल्या खापरपणजोबांच्या नावांना जोडले गेले. मुंबईत 1796 साली शाआर हारहमीम सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही पलटणीतलेच. टिपूच्या कैदेतून ते जिवंत सुटून आले होते.

शोफ्तीममध्ये युद्धाआधी अधिकारी सैन्यासमोर उभे राहून विचारतात : नवे घर बांधून त्यात राहायला गेला नाही, असा कोण आहे? द्राक्षमळा लावून त्याचे फळ चाखले नाही, असा कोण? वाङ्‌निश्चय झाला पण लग्न राहिले, असा कोण? त्याने घरी जावे. शेवटी विचारतात, कोण भ्यालेला आहे? त्यानेही जावे. हे सारे झाल्यावरच सरदार नेमायचे. म्हणजे पुढारी नेमण्याआधी माणसांची घरची अडचण विचारायची, असा तो क्रम आहे.

मिश्नाच्या सोता भागात, आठव्या अध्यायात, रब्बी योसे हागलीली यांचे मत दिले आहे. भ्यालेला म्हणजे आपल्या पापांमुळे मनात धास्तावलेला, असा अर्थ ते लावतात. त्याची लाज राहावी म्हणूनच तोरेने घर, मळा आणि लग्न ही कारणे सोबत ठेवली, असे ते सांगतात. तो परतला तर कशासाठी परतला हे कोणाला कळू नये! परतलेले लोकही निकामी ठरत नाहीत. ते सैन्याला अन्नपाणी पुरवतात, रस्ते दुरुस्त करतात. मात्र कर्तव्याचे युद्ध असेल तर नवरदेवालाही खोलीतून उठून यावे लागते, हेही तिथेच लिहिले आहे. सवलत सरसकट नाही.

आपल्या कोकणातलाही दाखला आहे. मे 1674 मध्ये, राज्याभिषेकाच्या तोंडावर, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना पत्र पाठवले. दाणा-गवत आताच उधळू नका, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात ओढून गवताच्या गंजीत नेईल. तेल गाळून दिव्यांना पुरवणाऱ्या आपल्या शनवार तेल्यांना ही काळजी लगेच समजली असती. सिंहासनावर बसायला निघालेला माणूस उंदराचाही विचार करतो!

झाडांचेही तसेच. वेढा पडला तरी फळझाडांवर कुऱ्हाड घालू नको, असे शोफ्तीम बजावते. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, असे आहे, कारण ती लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात.

क्युपर्टिनोत फिरताना हे फार आठवले. या गावाचे नावही एका लष्करी मोहिमेतून आले. 1776 मध्ये स्पॅनिश कप्तान द आन्सा याच्या तुकडीने तिथल्या ओढ्याला एका इटालियन संताचे नाव दिले होते. पुढे तिथे आलुबुखार, जर्दाळू आणि चेरीच्या बागा झाल्या. 1955 मध्ये गाव नगर झाले आणि हळूहळू बागा गेल्या, कचेऱ्या आल्या. आता अॅपल कंपनीने आपल्या गोल इमारतीभोवती हजारो झाडे लावली, त्यांत पुन्हा जर्दाळू आणि आलुबुखारही आहेत. तोडायला एक दिवस पुरतो, वाढवायला पिढी लागते. माणसांचे वेगळे नाही.

मुलाला नावे द्यावी लागलीच. पण त्याआधी त्याने बाराही जणांना एकेकटे बसवून घरची स्थिती विचारली. एक जण स्वतःच म्हणाला, मला आईकडे परत जायचे आहे. व्हिसावाला राहिला. नव्या घराचा मालक मात्र वाचला नाही. त्याला पत्रावर न कळवता मुलाने समोर बसून सांगितले आणि ओळखीच्या चार ठिकाणी स्वतः शब्द टाकला. आम्ही निघालो तेव्हा त्याला काम मिळाले होते, तिसऱ्याला अजून नव्हते. मुलगा रोज रात्री त्याला फोन करी.

पुढच्या एलूलमध्ये शोफ्तीम वाचाल तेव्हा नातवंडांना जवळ बसवा आणि हा भाग त्यांना मराठीत सांगा. त्यांच्याही हाताखाली उद्या माणसे येतील.