बर्लिनची कॅसेट, कोकणातली चिठ्ठी

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात मी पहिल्यांदा गेले ती १९९२ साली, अब्बांबरोबर. आमच्या तालुक्याच्या गावी अब्बांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. सुटे भाग आणायला ते वर्षातून दोन-तीनदा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचे. त्या दिवसांत कुठे प्रदर्शन भरलेलं असलं तर तेही बघून यायचे. तेरा वर्षांच्या मला ती जत्राच वाटली. रंगीत टीव्हीची रांग, दोन कॅसेटवाले स्टीरिओ, लुकलुकणारे दिवे. गर्दी पडद्यासमोर उभी असायची आणि अब्बा टीव्हीच्या मागे जायचे. स्टॉलवरच्या मुलाला विचारायचे, "भाई, इसका पिछला ढक्कन खोल के दिखाओगे?" बहुतेक जण हसून नाही म्हणायचे.

परतीच्या एसटीत त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. "बेटा, प्रदर्शनात वस्तू नवी असते. तिचं खरं काय ते घरात गेल्यावर कळतं."

पुढे बीएड झाले, शिक्षिका झाले, उर्दू आणि मराठी शिकवू लागले. प्रदर्शनांना जाणं मात्र सुटलं नाही. २००० च्या आसपास शाळेसाठी कॉम्प्युटर बघायला गेले, तेव्हा स्टॉलवरचे लोक माहिती माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याला देत होते. मग भिंतीवर टांगायचे पातळ टीव्ही आले, मग मोबाइलच मोबाइल. अलीकडे एका स्टॉलवर बोललेलं समजणारा टीव्ही होता. मी मराठीत बोलले, त्याला कळलं. उर्दूत बोलले, तेही बऱ्यापैकी कळलं. मग मी माझ्या नानीच्या कोकणी बोलीत एक वाक्य बोलून पाहिलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

तेव्हा मला नानीची कॅसेट आठवली. आणि ती कॅसेट मुळात आली कुठून याचा शोध घेताना मी पोहोचले बर्लिनच्या एका प्रदर्शनात.

बर्लिनमध्ये रेडिओचं पहिलं मोठं प्रदर्शन डिसेंबर १९२४ मध्ये भरलं. तेव्हा जर्मनीत रेडिओचं नियमित प्रसारण सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आज 'इफा' या नावाने ओळखला जाणारा मेळा तो हाच. १९३० साली त्याचं उद्घाटन अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी केलं. भाषणात त्यांनी रेडिओची वाहवा करण्याआधी ज्या संशोधकांमुळे आणि तंत्रज्ञांमुळे तो शक्य झाला त्यांची आठवण काढली. विज्ञानाची किमया रोज वापरायची आणि ती समजून घ्यायची इच्छाही ठेवायची नाही, याची लाज वाटली पाहिजे असं त्यांनी सुनावलं. रेडिओमुळे देशोदेशीची माणसं एकमेकांना ओळखू लागतील, गैरसमज कमी होतील, ही आशाही त्यांनी बोलून दाखवली.

तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९३३ मध्ये, त्याच प्रदर्शनात एक स्वस्त रेडिओ मांडला गेला. त्याचं नाव 'फोल्क्सएम्पफेंगर', म्हणजे जनतेचा रेडिओ. किंमत ७६ राइशमार्क. मॉडेलचा क्रमांक ३०१ होता, कारण ३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला होता. सामान्य घरात रेडिओ पोहोचावा ही इच्छा वाईट नव्हती. पण तो पोहोचवण्यामागे गोबेल्स यांचं प्रचार खातं होतं. घराघरात एकच आवाज जावा, हा हेतू होता. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी केंद्र ऐकणं हाच गुन्हा ठरला. आइन्स्टाइन तोवर देश सोडून गेले होते. तेच शहर, तेच प्रदर्शन, तेच यंत्र, पण एकाने त्यात ओळखीची वाट पाहिली, तर दुसऱ्याने हुकमाची.

याच बर्लिनमध्ये ऑगस्ट १९६३ च्या अखेरीस फिलिप्स कंपनीने एक छोटा टेपरेकॉर्डर दाखवला. त्यात बसणारी कॅसेट तळहातावर मावेल एवढी होती. तोवर टेप म्हणजे मोठमोठी चाकं, हाताने ओवायची फीत आणि जड पेटी. लू ओटेन्स नावाच्या डच इंजिनिअरला हे नको होतं. कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा त्याने आधी करून घेतला आणि यंत्र या मापाचं झालं पाहिजे असं ठरवलं. पुढे कंपनीने इतर उत्पादकांनाही ती रचना फुकट वापरू दिली. त्यामुळे कुठल्याही कंपनीची कॅसेट कुठल्याही टेपमध्ये चालू लागली. अब्बांच्या दुकानाचं पोट या एका निर्णयावर भरलं, असं म्हटलं तर चूक नाही.

सुरुवातीला त्या कॅसेटचा आवाज गाण्यासाठी फारसा चांगला नव्हता. बोलणं टिपून ठेवायला ती बरी, असाच समज होता. आणि आमच्या कोकणात तिचा उपयोग झाला तो बोलण्यासाठीच!

सत्तरच्या दशकापासून रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम वस्त्यांतले तरुण आखातात जाऊ लागले. येताना ते टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. आमचे मामू कुवेतला होते. नानीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र लिहायचं तर दुसऱ्या कुणाला सांगावं लागायचं, आणि दुसऱ्यासमोर मनातलं कसं सांगणार? मग अब्बा दुकानातला टेप घेऊन यायचे, कॅसेट घालायचे, लाल बटण दाबायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. नानी एकटीच त्या पेटीशी बोलायची. आंबा किती लागला, कुणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, आणि पैसे पाठवले नाहीस तरी चालेल पण जेवत जा. गावाला जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातून ती कॅसेट कुवेतला पोहोचायची. मामू दुसऱ्या बाजूवर उत्तर भरून पाठवायचे. कॅसेट महाग, म्हणून पुढच्या वेळी त्याच कॅसेटवर पुन्हा नवा मजकूर. असे किती आवाज पुसले गेले, त्याचा हिशेब नाही.

जुलै १९९० मध्ये नानीने अशीच एक कॅसेट पाठवली. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पुढचे कित्येक आठवडे मामूंची खबर नव्हती. त्या वर्षी दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणलं गेलं, बहुतेकांना जॉर्डनच्या अम्मान शहरातून. मामू आले तेव्हा त्यांच्याकडे एकच पिशवी होती. त्यात दोन शर्ट, कागदपत्रं आणि नानीची कॅसेट होती. एका बाजूला नानीचा आवाज, दुसरी बाजू कोरी. उत्तर भरायला वेळच मिळाला नव्हता.

कॅसेटचं नुसतं कौतुक करून थांबले तर ते खरं होणार नाही. लहान माणसाचा आवाज जिने वाहून नेला, तिनेच द्वेषही वाहिला. १९७८ साली फ्रान्समधून खोमेनींची भाषणं कॅसेटमधून इराणभर पसरली आणि शहाची राजवट हादरली. आपल्या देशात १९९० च्या आसपास माणसांना एकमेकांविरुद्ध भडकवणाऱ्या भाषणांच्या कॅसेट गावोगाव वाजल्या. आमच्या बाजारपेठेतही वाजल्या. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या काही घरांत वाजणाऱ्या तकरिरी ऐकून अब्बा कपाळाला हात लावायचे, हेही सांगितलं पाहिजे. दुकानात दुरुस्तीला आलेल्या टेपमध्ये कधी कधी कॅसेट अडकलेली असायची. अब्बा ती ऐकायचे नाहीत, काढून कागदात गुंडाळून मालकाला परत द्यायचे. कुणाच्या घरातला आवाज आपण ऐकायचा नसतो, म्हणायचे.

आज मोबाइलवर व्हॉइस मेसेज पाठवताना आपण वेगळं काय करतो? नानीसारखी एखादी आजी नातवाशी बोलते, आणि त्याच मोबाइलवर कुणी विष पाठवतं. यंत्र बदललं, निवड तीच राहिली. म्हणून प्रदर्शनात मुलांना नेते तेव्हा मी त्यांना दोन प्रश्न विचारायला सांगते. या यंत्रातून फक्त ऐकायचं आहे, की बोलताही येतं? आणि बोललो तर आपल्या घरातली बोली याला कळते का? त्या स्टॉलवर नानी उभी असती तर तिला गप्प बसावं लागलं असतं. १९८० च्या दशकातल्या साध्या टेपला तिची बोली कळत नव्हती, पण तो ती जशीच्या तशी पोहोचवत होता.

गेल्या रमजानच्या सुट्टीत ती कॅसेट मी बाहेर काढली. फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता. अब्बांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी केलं. पाच स्क्रू काढले, तुकडा चिकटवला, फीत जागेवर बसवली. सुरुवातीला खरखर, मग अब्बांचा तरुणपणीचा आवाज आला, "बोला, चालू झालाय." आणि मग नानी. अब्बा पूर्ण ऐकेपर्यंत थांबले नाहीत. पूर्वीसारखेच उठून ओट्यावर जाऊन बसले.

तुमच्या घरातही अशी कॅसेट असेल. ती भंगारात देऊ नका. तिच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या चकत्या असतात, त्या आधी तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग एखादा चालू टेप शोधा आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फीत कायम टिकत नाही. आणि या आवाजांची दुसरी प्रत कुठल्याही प्रदर्शनात मिळणार नाही.