रेवदंडा-कोर्लई : राज्य गेले, भाषा राहिली

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर, कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा वसले आहे. प्राचीन चौल बंदराच्या या परिसरात पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये वखार घातली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा या ठाण्याने परतवून लावला; मात्र वसईच्या पाडावानंतर, १७४० च्या तहाने ते मराठ्यांकडे आले. तटबंदीच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांतून डोके वर काढणारा ‘सातखणी बुरूज’ हा वस्तुतः जुन्या चर्चचा मनोरा होय.

लगतच्या चौलमध्ये रामेश्वराचे मंदिर व डोंगरावरील दत्तस्थान आहे. साळावचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेले की कोर्लई लागते. समुद्रात घुसलेल्या डोंगरावरील येथील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकला होता.

कोर्लईचा खरा वारसा मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. येथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, आजही बोलली जाते. सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ती घराघरांत टिकली. शाळा, बाजार व नोकरीचे व्यवहार मराठीतून होत असल्याने नव्या पिढीत तिचा वापर आक्रसत आहे. तटाच्या दगडांची डागडुजी करता येते; बोलणारे उरले नाहीत, तर भाषेची करता येत नाही.

मुंबईहून मांडवामार्गे अथवा रस्त्याने अलिबाग गाठून पुढे एस.टी.ने रेवदंड्याला जाता येते. पावसाळ्यानंतरचा काळ भेटीसाठी सोयीचा.